फायर सूट घरच्या मशीनमध्ये धुतला तर चालतो का?

मोशीची_रेवती | रविवार, दुपारी २:४०

मुलगी झोपलीये तोवर पटकन लिहून टाकते. माझा नवरा चाकणला एका कंपनीत इमर्जन्सी टीममध्ये आहे, कॉन्ट्रॅक्टवर. एरवी काम म्हणजे एक्स्टिंग्विशर तपासणं, हायड्रंटचा पंप चालवून बघणं, ड्रिल असलंच असतं पण गुरुवारी रात्री जवळच्याच भागात भंगाराच्या गोडाऊनला आग लागली आणि म्युच्युअल एडमध्ये, म्हणजे कंपन्या एकमेकींच्या मदतीला टीम पाठवतात त्यात, यांच्या टीमलाही बोलावलं. सात तास होता तिथं. सगळं प्लास्टिक, सोफ्याचा फोम, जुन्या वायरी जळत होत्या म्हणे. शुक्रवारी सकाळी घरी आला तो सूट गोणीत कोंबून, ॲक्टिव्हावर पायापाशी ठेवून. कंपनीत धुवायची सोय नाहीये, ज्याचा त्याने घरी धुवून आणायचा असं सुपरवायझर म्हणतो.

मी तो बाथरूममध्ये टबात भिजवला. पाणी डांबरासारखं काळं झालं, दोनदा बदललं तरी तेच, आणि वास असा की माझा घसा दोन दिवस खवखवतोय. मुलगी ३ वर्षांची आहे, तिने शुक्रवारी बाबाचं हेल्मेट डोक्यात घालून घरभर फिरून घेतलं तेव्हा आम्ही हसून फोटो काढला आणि आता तेच आठवून पोटात गोळा येतोय.

तर प्रश्न असा की आमचं फ्रंट लोड मशीन आहे, त्यात ४० डिग्रीला लावू का? वास जाण्यासाठी थोडं ब्लीच टाकलं तर? आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवला तर जंतू वगैरे मरतील ना? नवरा म्हणतो एवढं काही नसतं, उलट सूट आणि हेल्मेट काळं असलं की टीममध्ये मान मिळतो, कोरा सूट घालून आलेल्याला लिंबूटिंबू समजतात. मला हे पटत नाहीये पण त्याला काय सांगू तेही कळत नाहीये.

चाकणचा_सेफ्टीवाला | रविवार, दुपारी ३:०५

ताई, मशीनला हात लावू नका. ब्लीच नको, ऊन नको. आधी एवढं करा, सूट जड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवा आणि बाथरूम, टब, बादली साबणाने घासून काढा, हातात रबरी ग्लोव्ह्ज घालून. हेल्मेटही आतल्या पट्ट्यांसकट बाहेर. मुलीला त्या दिवशी आंघोळ घातली असेल ना, मग एका वेळच्यासाठी फार जीव जाळू नका, पण पुन्हा नको.

आता कारण. ती काजळी म्हणजे चुलीवरची राख नव्हे. वायरींचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड आणि डायॉक्सिनसारखी घाण, फोम जळला की हायड्रोजन सायनाईड, आणि काजळीच्या कणांना चिकटलेली बेंझोपायरीनसारखी कॅन्सर करणारी रसायनं. गॅस उडून जातात पण काजळी कापडात बसते आणि घरी येते. तुमच्या मशीनमध्ये तो सूट फिरला की पुढच्या धुण्यात मुलीचे कपडे त्याच ड्रममध्ये जाणार. अमेरिकेचं जे एनएफपीए १८५१ नावाचं स्टँडर्ड आहे (आता ते एनएफपीए १८५० मध्ये सामावलंय), फक्त सूटची निगा कशी ठेवायची यावर, त्यात घरी किंवा बाहेरच्या साध्या लाँड्रीत धुवायलाच मनाई आहे.

आणि नवऱ्याला एक वाक्य वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी आयएआरसी म्हणून संस्था आहे फ्रान्समध्ये, तिने २०२२ मध्ये फायरमनच्या कामाला गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. तंबाखू आणि ॲसबेस्टॉस ज्या गटात आहेत तोच. त्याआधी हे काम 'शक्यता आहे' एवढ्याच गटात होतं.

भवानीपेठेतला_तांडेल | रविवार, संध्याकाळी ६:२०

रेवतीताई, मी निवृत्त माणूस, ३० वर्षं बंबावर काढली, शेवटी तांडेल, म्हणजे बंबावरच्या तुकडीचा म्होरक्या म्हणून बाहेर पडलो. तुमच्या नवऱ्याचं ते मानाचं बोलणं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो.

आम्हीही असेच होतो. आम्ही लागलो तेव्हा खाकी कपडे, गमबूट, हेल्मेट आणि कमरेला पट्टा, बास. बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क, गाडीत असायचा पण एक किंवा दोन, आणि तो घालायचा म्हणजे कमीपणा वाटायचा. ओला रुमाल तोंडाला बांधला की झालं असं सिनियर सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. ओला रुमाल कार्बन मोनॉक्साईडला काही म्हणजे काही करत नाही हे मला कोर्सला गेल्यावर कळलं. वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कॉलवरून, आलो की त्याच कपड्यात चहा, त्याच हाताने वडापाव, तेच कपडे खुंटीला आणि त्या खोलीत झोपायचं. सकाळी शिंकरलं की नाकातून काळं यायचं आणि त्यावर आम्ही गप्पा मारायचो की काल कुणाचं जास्त काळं निघालं. आमच्या बॅचचे दोघे कॅन्सरने गेले, पासष्टीच्या आत. ते आगीमुळेच गेले असं मी म्हणणार नाही, एकजण तंबाखूही खायचा. पण तो काळा रुमाल मला अजून डोळ्यासमोर दिसतो.

मान काळ्या सूटला नसतो हो. मान असतो तो ब्रांच, म्हणजे होजची तोटी, धरून आत गेलेला माणूस बाहेर आल्यावर हजेरीला उभा राहतो त्याला. दादाला सांगा, तुमच्या टीममध्ये जो पहिला माणूस आग विझल्यावर गाडीशेजारी उभं राहून होजच्या पाण्याने स्वतःला धुऊन घेईल ना, त्याला चार दिवस हसतील आणि मग सगळे तेच करतील. तिथंच धुवायचं ते. सूट अंगात असताना, मास्क तोंडावर असताना, दुसऱ्याने होजने हलकं पाणी मारायचं आणि ब्रशने वरून खाली घासायचं, खांद्यापासून बुटापर्यंत. दोन मिनिटांचं काम. ओली काजळी लगेच निघते, वाळली की कापडात मुरते. बरीचशी घाण तिथल्या तिथं जाते आणि राहिलेलं पिशवीत.

अजून एक. कूलिंग करताना, म्हणजे आग विझल्यावर ढिगारा गार करताना, सगळे मास्क काढतात. आग दिसत नाही, ज्वाळा नाहीत, म्हणून. ढिगारा उपसताना जी वाफ आणि धूर निघतो तोच सगळ्यात वाईट. भंगाराच्या आगीत सात तासांतले सहा तास हेच असतं. दादाने तेव्हा मास्क लावला होता का विचारा.

मोशीची_रेवती | रविवार, रात्री ८:५०

काका, विचारलं. नाही म्हणाला. पहिली ४० मिनिटं बीए सेट होता, सिलेंडर संपला, शिट्टी वाजली म्हणून बाहेर आला आणि दुसरा भरलेला सिलेंडर नव्हता. मग साधा निळा सर्जिकल मास्क लावून काम केलं.

चाकणचा_सेफ्टीवाला | रविवार, रात्री ९:१५

सर्जिकल मास्क, एन ९५, ओला रुमाल, गॅसपुढे सगळं सारखंच. कण थोडे अडतील, गॅस सरळ आत. आणि ४० मिनिटं चालला म्हणजे तो जपून श्वास घेणारा माणूस आहे. हिशोब सोपा आहे, ६ लिटरचा सिलेंडर, ३०० बारला भरलेला, म्हणजे १८०० लिटर हवा. कागदावर माणशी मिनिटाला ४० लिटर धरतात म्हणून ४५ मिनिटांचा सेट म्हणतात, पण होज ओढताना, जिना चढताना माणूस मिनिटाला ६० काय ८० लिटरही ओढतो, मग २०-२५ मिनिटांत खेळ आटोपतो. आणि शिट्टी ५०-५५ बारला वाजते ती बाहेर पडण्यासाठी, तोपर्यंत थांबायचंच नसतं, गेज बघून आधी निघायचं. सात तासांच्या कामाला माणशी एक सिलेंडर घेऊन जाणं ही टीमची चूक आहे, दादाची नाही. पुढच्या ड्रिलला हा प्रश्न लेखी विचारा म्हणावं.

दाढी ठेवतो का तो? मास्कची कड चेहऱ्याला चिकटली नाही तर आतून गळते. चार दिवसांचे खुंटही पुरतात त्याला.

सुती_माणूस | रविवार, रात्री १०:३०

मी टेक्स्टाईलमधला. काही वर्षं प्रोटेक्टिव्ह कापडाच्या टेस्टिंगवर काम केलंय, सध्या कोथरूडला असतो. सेफ्टीवाले दादा म्हणतात ते बरोबर आहे की घरी धुवायचाच नाही, पण सूट आत्ता ताईंच्या बाल्कनीत ओला पडलाय, कंपनी धुवून देत नाहीये आणि पुढची वर्दी उद्याही येऊ शकते, म्हणून नाईलाजाने धुवायची वेळ आलीच तर कसा धुवायचा तेही कुणीतरी सांगायला हवं. ओला आणि तेलकट सूट तसाच घालणं हे धुण्यापेक्षा वाईट. काजळीत तेलाचा अंश असतो, तो पेट घेतो.

आधी सूट म्हणजे काय ते. तो एक कापड नसतो, तीन असतात. बाहेरचं अरामिडचं, म्हणजे नोमेक्स, केव्हलार त्या जातीतलं, ते वितळत नाही, साधारण ३७० अंशांच्या पुढे गेलं की काळं पडून कोळसा होतो पण अंगाला चिकटत नाही. मध्ये एक पातळ पडदा, टेफ्लॉनच्या जातीचा, बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतला घाम वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. आणि सगळ्यात आत गोधडीसारखं टाकलेलं अस्तर. उष्णता अडवायचं खरं काम ते अस्तर करतं, नव्हे, त्या अस्तरात कोंडलेली हवा करते. आपली वाकळ का उबदार असते, त्यातलीच गोष्ट. हवा दबली की संपलं.

म्हणून ताई, तुमच्या सूटचं अस्तर चेन किंवा वेल्क्रोने वेगळं निघतंय का बघा. निघत असेल तर दोन्ही वेगवेगळे धुवायचे, एकत्र नाही, नाहीतर बाहेरची घाण आतल्या कपड्याला. बाहेर अंगणात किंवा पार्किंगच्या नळाखाली, घरात नाही. हातात ग्लोव्ह्ज. सगळे हूक, चेन, वेल्क्रो बंद करून, नळाच्या साध्या धारेने, प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने शिवण आणि मधला पडदा फाटतो. कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नाही, सौम्य लिक्विड डिटर्जंट, मऊ ब्रश. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढायचं. पिळायचं नाही. सावलीत, वारा लागेल तिथं, रुंद हँगरवर.

ब्लीच का नको? क्लोरीन अरामिडचे धागे खातं, वरून दिसत नाही पण पुढच्या वेळी गुडघ्यावर बसलं की फाटतं. फॅब्रिक सॉफ्टनर का नको, तर तो धाग्यावर मेणासारखा थर ठेवतो आणि तो थर जळतो. आणि ऊन! आपल्याकडे सगळ्याला ऊन दाखवायची सवय आहे, लोणच्याच्या बरणीपासून गादीपर्यंत, पण अरामिडला ऊन चालत नाही. अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो, केव्हलार तर फार लवकर. गाडीच्या मागच्या काचेपाशी महिनोन्‌महिने लटकवलेले सूट मी बघितलेत, वरून झकास दिसतात, आणि हाताने ओढलं की कागदासारखे टरकतात.

अजून एक, जो आपल्या भागात फार लागू पडतो. मोशी, चऱ्होली, वाघोलीकडे बोअरचं जड पाणी. जड पाण्यात वडीचा साबण लावला की तो पांढरा साका होतो ना, बादलीला चिकटतो तो, तो सूटवरही बसतो आणि तोही जळतो. कापड प्रक्रिया केलेलं कॉटन असेल तर हे अजून महत्त्वाचं. म्हणून वडीचा साबण नाही, डिटर्जंटच, आणि शेवटचं पाणी बोअरचं नाही, कॉर्पोरेशनच्या नळाचं.

आणि हे सगळं करण्याआधी आतल्या बाजूला शिवलेली लेबलची चिंधी वाचा. तिच्यावर जे लिहिलंय ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ.

मोशीची_रेवती | सोमवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे खूप आभार. लेबल वाचलं. ईएन ४६९ लिहिलंय, खाली वाय १ आणि झेड १ असं काहीतरी, एक्सच्या पुढचा आकडा पुसलाय. आणि तयार केल्याची तारीख २०१३!! नवऱ्यालाही माहीत नव्हतं, त्याला दोन वर्षांपूर्वी जुन्या माणसाकडून आलेला आहे. अस्तर चेनने निघतं. काढून बघितलं तर खांद्यापाशी आणि दोन्ही गुडघ्यांपाशी पातळ झालंय, बल्बपुढे धरलं तर उजेड दिसतो.

आता तो म्हणतोय ऑनलाईन एक चंदेरी फायर सूट बघितलाय, टोपीसकट, काही हजारांत, तोच घेऊन टाकतो स्वतःच्या पैशाने. घ्यावा का?

चाकणचा_सेफ्टीवाला | सोमवार, रात्री ९:४०

नको!! तो चंदेरी म्हणजे अल्युमिनियमचा पत्रा चढवलेला प्रॉक्सिमिटी सूट. त्याचं काम एकच, लांबून येणारी उष्णतेची झळ आरशासारखी परत फेकणं. भट्टीपाशी, तेलाच्या टाकीपाशी, विमानतळावर, तिथं तो लागतो. घरात गोडाऊनमध्ये शिरायला तो नाही. त्याला काजळी लागली किंवा घडीवर पत्रा सोलला की आरसा गेला आणि मग तो साधा जाड कपडा. फोटोत माणूस ज्वाळांमध्ये उभा दाखवतात, त्या फोटोवर जाऊ नका. स्वस्तातल्या कितीतरी सूटांना आतून ना मधला पडदा असतो ना नीट अस्तर, आणि कुठल्या टेस्टला उतरलाय याची चिंधीही नसते.

तुमच्या लेबलबद्दल. एक्स म्हणजे उष्णता, वाय म्हणजे पाणी, झेड म्हणजे घामाची वाफ बाहेर जाणं. १ म्हणजे कमी, २ म्हणजे जास्त. आत शिरून आग विझवणाऱ्याला एक्स २ पाहिजेच आणि वाय २, झेड २ असलेला चांगला. आपलं भारतीय स्टँडर्डही आहे फायरमनच्या कपड्यांसाठी, आयएस १६८९०, नवीन घेताना ते किंवा ईएन ४६९ शिवलेलं आहे का बघायचं, तोंडी नाही, शिवलेलं. वयाबद्दल, एनएफपीए १८५१ प्रमाणे तयार केल्याच्या तारखेपासून १० वर्षं झाली की सूट बाद, वापरला असो नसो. तुमच्या कंपनीला तो नियम कायद्याने लागू नसेल, पण उजेड दिसणारं अस्तर कुठल्याच नियमात बसत नाही. उजेड दिसतो तिथून उष्णता येणार.

नव्या कोऱ्या सूटचंही ऐका. अमेरिकेच्या स्टँडर्डात फ्लॅशओव्हरसारख्या, म्हणजे खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं तेव्हासारख्या, उष्णतेत सूटने आतल्या माणसाला दुसऱ्या डिग्रीच्या भाजण्यापासून किमान साडेसतरा सेकंद वाचवायला हवं. सेकंद! मिनिटं नाहीत. सूट म्हणजे दरवाजापर्यंत परत यायला मिळालेली मुदत आहे फक्त. आणि दादाच्या सूटात ती मुदत किती उरलीये कुणालाच माहीत नाही.

पैसे स्वतःचे अजिबात घालू नका. सेफ्टीचं साहित्य देणं मालकाकडे आणि त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, हे जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्येही होतं आणि कामगार सुरक्षेच्या २०२० च्या नव्या कोडमध्येही आहे. कॉन्ट्रॅक्टवर असला म्हणून सुटत नाही. लेबलचा फोटो, अस्तरातून दिसणाऱ्या उजेडाचा फोटो आणि दोन ओळींचा ईमेल, सेफ्टी मॅनेजरला, कॉन्ट्रॅक्टरला कॉपी. भांडण नाही, फक्त 'तपासून बदलून मिळावा'. फोटोसमोर सेफ्टी मॅनेजर नाही म्हणू शकत नाही, मी त्या खुर्चीत बसलोय म्हणून सांगतो.

सिस्टर_ससाणेनगर | मंगळवार, सकाळी ७:१५

नाईट संपवून आलेय, मोठं लिहीत नाही म्हणता म्हणता मोठं होईल. बर्न वॉर्डमध्ये ११ वर्षं काढलीत. दोन गोष्टी सांगते ज्या सूटबद्दल बोलताना कुणी बोलत नाही.

पहिली, आत काय घालतो. दादा आतून ते क्रिकेटचे घाम सुकवणारे टीशर्ट घालत असतील तर आजच बंद. पॉलिस्टर २५०-२६० अंशांला वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. आम्ही ते काढताना कातडीसकट येतं आणि माणूस भूल देऊनही ओरडतो. इलॅस्टिकच्या चड्डीची पट्टी, मोजे, सगळं कॉटन. नायलॉनचंही तेच. एवढा महागाचा सूट आणि आत दीडशे रुपयांचा टीशर्ट घात करतो.

दुसरी, ओला सूट. आमच्याकडे जे फायरमन येतात ना त्यांच्यात ज्वाळेने भाजलेले कमी, वाफेने भाजलेले बरेच. बीए सेटच्या पट्ट्याखाली खांद्यावर, गुडघ्यावर, कोपरावर, म्हणजे जिथं कपडा दाबला जातो तिथं बरोब्बर पट्ट्याच्या आकाराचा फोड. वर ते टेक्स्टाईलवाले काका म्हणाले ना हवा दबली की संपलं, ते मी कातडीवर बघितलंय. रेवती, तुमच्या सूटचं अस्तर नेमकं खांद्यावर आणि गुडघ्यावरच झिजलंय हे वाचून मला झोपायच्या आधी लिहावंसं वाटलं. कातडीला ४४ अंशांला दुखायला लागतं आणि ५५ ला फोड येतो, आपण चहा त्यापेक्षा गरम पितो, म्हणजे केवढ्याशा फरकाचा खेळ आहे बघा.

आणि काजळी कुठे बसते त्याबद्दल. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने लिहून ठेवलंय की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो, कारण काजळी तिथल्या घड्यांमध्ये साचून राहते. कामामुळे होणारा कॅन्सर पहिल्यांदा ओळखला गेला तो असा, काजळीनेच. तेव्हा दादांनी घरी आल्यावर पहिली गोष्ट चहा नाही, आंघोळ, आणि मान, कानामागे, काखा, जांघा साबणाने नीट. मानेवरचा तो विणलेला हूड असतो ना, तो तर प्रत्येक आगीनंतर बदलायचा. सगळ्यात पातळ कापड तेच आणि नेमकं गळ्यावर, जबड्यावर. दोन हूड मागा.

मुळशीचा_ट्रेकर | मंगळवार, दुपारी १२:१०

आम्ही रेस्क्यूवाले, आमच्याकडे काही गावांत तर एकही धड सूट नाही. असा एक मिळाला तर आम्ही कुठलीही वर्दी असो, आग, झाडपडी, पूर, तोच घालू म्हणतो. जाड आहे ना. त्याचं काय चुकलं?

भवानीपेठेतला_तांडेल | मंगळवार, दुपारी ४:४५

दादा, वाईट वाटून घेऊ नका पण पुरात तो सूट घालून उतरलात तर तोच तुम्हाला खाली नेईल. अस्तर पाणी पितं, गमबूट पाण्याने भरतात, वजन दुप्पट होतं आणि हात हलवता येत नाहीत. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, खडकवासला धरणातून विसर्ग वाढला तेव्हा. तसल्या पाण्यात लाईफ जॅकेट, हलके बूट, पाण्याचं हेल्मेट आणि दोर, बाकी काही नको. झाडपडीलाही नको. पावसाळ्यात दिवसभरात झाडपडीच्या वर्द्या मोजता येत नाहीत इतक्या येतात, त्या सूटात करवत चालवली की तासाभरात माणूस घामाने चक्कर येऊन पडतो. अमेरिकेत ड्युटीवर मरणाऱ्या फायरमनांत हृदय बंद पडून जाणारे सगळ्यात जास्त असतात, आगीने नाही. हे सूट उष्णता बाहेरून आत येऊ देत नाहीत तसे अंगातली बाहेरही जाऊ देत नाहीत. झाडाला हेल्मेट, जाळीची काच, ग्लोव्ह्ज आणि करवतीसाठी पायाला बांधायचं वेगळं जाड कापड मिळतं ते.

सिस्टरताई बोलल्या ते वाफेचं मी अंगावर घेतलंय. टिंबर मार्केटच्या बाजूला एका वखारीत, सूट आधीच्या वर्दीचा ओलाच होता, वाळायला वेळच मिळाला नाही. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, हे नंतर कळलं. ब्रांचमधून मारलेलं एक लिटर पाणी वाफ झालं की १७०० लिटर होतं, ती वाफ छताला लागून खाली आली आणि डाव्या खांद्यावर पट्ट्याखाली चटका. निशाण अजून आहे. म्हणून रेवतीताई, वाळला नसेल तर तो सूट घालून जाऊ देऊ नका, म्हणजे आता तर तो सूटच नको.

आणि सूट नवा आला तरी दादाला सांगा, सूट आगीपुरता असतो. काळबादेवीला ९ मे २०१५ च्या आगीत मुंबईचे चीफ फायर ऑफिसर सुनील नेसरीकर साहेबांसह चार अधिकारी गेले, इमारत कोसळली तिथं, दोघे त्याच दिवशी आणि नेसरीकर साहेबांसह दोघे नंतर हॉस्पिटलात. आमच्यासारख्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं नाही पण त्या रात्री आमच्या स्टेशनात कुणी जेवलं नाही. भिंत फुगलेली दिसली, छत आवाज करायला लागलं की कितीही चांगला सूट असू दे, बाहेर.

नवा सूट आला की मापाचा आहे का बघायची एक रीत सांगतो. घालून दोन्ही हात वर करायचे आणि मग वाकून पायाला हात लावायचा. कोट आणि पँट यांच्यामध्ये पाठ उघडी पडली तर परत द्यायचा. गुडघ्यावर रांगून बघायचं. ग्लोव्ह्ज घालून कोटाची चेन लावता आली पाहिजे.

सुती_माणूस | मंगळवार, रात्री ९:३०

तांडेल काकांचं वाचून एक आठवलं. चमकणाऱ्या पट्ट्या. अंधारात मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून दहा पावलांवरून सूटवर मारा, पट्टी झळाळली पाहिजे. काजळीने किंवा चुकीच्या धुण्याने ती मेली असेल तर धुरात साथीदाराला माणूस दिसत नाही, आणि हायवेवर ट्रकवाल्यालाही नाही.

मोशीची_रेवती | गुरुवार, रात्री १०:२०

सांगायचं राहिलं होतं. मंगळवारी रात्री मी हा सगळा धागा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. सिस्टरताईंचं वाचताना तो उठून आत गेला आणि कपाटातले तीन टीशर्ट आणून खाली ठेवले, तिन्ही पॉलिस्टरचे. काही बोलला नाही. बुधवारी ईमेल गेला, फोटोंसकट. आज दुपारी सेफ्टी मॅनेजरने त्याला बोलावून टीममधल्या सगळ्या नऊ सूटांची लेबलं बघायला लावली. नऊपैकी चार दहा वर्षांच्या वरचे निघाले आणि एकाचं लेबलच फाटलेलं. ते पाच बाजूला काढलेत, यांचाही त्यातच. नवीन येईपर्यंत पाचजण आत जाणार नाहीत, फक्त बाहेरून पंप आणि होज बघणार असं ठरलंय लेखी. जादा सिलेंडरचं मात्र 'बघू' म्हणालेत, ते मी सोडणार नाहीये.

धुण्याचं अजून ठरलं नाही, पण पंपहाऊसमागे नळ आणि रिकामी शेड आहे तिथं हँगरची सोय करून देतो म्हणालेत. सुती काका, शेडला वरून पत्रा आहे पण एका बाजूने दुपारी ऊन येतं, त्या बाजूला हिरवी जाळी लावली तर पुरेल का? की ताडपत्रीच लावायला सांगू?

सुती_माणूस | गुरुवार, रात्री १०:५५

ताडपत्री. जाळीतून बरंच ऊन येतं. पण ताडपत्री खालून दोन फूट मोकळी ठेवा, वारा खेळला पाहिजे, नाहीतर अस्तर दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. अस्तर नेहमी वेगळं आणि उलटं टांगायचं. हँगर रुंद खांद्याचे घ्या, तारेचे नकोत, खांद्यावर घडी पडते आणि झीज तिथूनच सुरू होते.